सही करण्याआधी वाचायचं: शाळा व्यवस्थापन समितीच्या एका अध्यक्षाताईंना उत्तर

साताऱ्याच्या पूर्व भागातून, खटाव तालुक्यातल्या एका गावातून एका ताईंनी विचारलं आहे. त्यांची दोन्ही मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत आणि गेल्या वर्षी त्यांना शाळा व्यवस्थापन समितीचं अध्यक्ष केलं. त्या लिहितात: "बैठक अशी कधी झालीच नाही. रजिस्टर घरी येतं, मी सही करते. गणवेशाचे, दुरुस्तीचे पैसे किती आले ते मला माहीत नाही. मुख्याध्यापक माणूस म्हणून वाईट नाहीत, मुलांना जीव लावून शिकवतात. पण विचारलं तर म्हणाले, वहिनी, तुम्ही कशाला त्यात पडता, आम्ही आहोत ना. घरचे म्हणतात गावात कुणाशी वाकडं घेऊ नकोस. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकू का?"

ताई, अर्ज टाकू नका. निदान आत्ता तरी नको. मी शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून नोकरी केली, त्यानंतर सातारा आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांत समित्यांची प्रशिक्षणं घेते आहे. माहिती अधिकाराचं मोल मी जाणते, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंही आहे. पण तो कायदा बाहेरच्या नागरिकाला आतलं पाहता यावं म्हणून आहे. तुम्ही आतच बसलेल्या आहात. घरच्या कपाटाची किल्ली कमरेला असताना तहसीलदाराकडे अर्ज कशाला करायचा?

तुमची किल्ली म्हणजे 2009 चा बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा. तो 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्याचं कलम 21 एकदा स्वतः वाचा, पानभरसुद्धा नाही. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत, वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. आणि समितीची कामं? शाळेच्या कारभारावर देखरेख, शाळा विकास आराखडा तयार करणं, आणि सरकारकडून, स्थानिक प्राधिकरणाकडून किंवा इतर कुठल्याही मार्गाने आलेल्या पैशाचा विनियोग कसा होतो ते पाहणं. म्हणजे पैशावर लक्ष ठेवणं हे तुमच्यावर कायद्याने सोपवलेलं काम आहे. ते केलं नाही तर काम राहिलं असा अर्थ होतो. मुख्याध्यापक या समितीचे सदस्य सचिव असतात: बैठक बोलवायची, विषय मांडायचे, इतिवृत्त लिहायचं, कागद पुढे ठेवायचे. अध्यक्ष मात्र पालकांमधूनच. आपल्या राज्याने 17 जून 2010 च्या शासन निर्णयाने समिती 12 ते 16 सदस्यांची ठरवली, महिन्याला किमान एक बैठक सांगितली आणि दर दोन वर्षांनी नवी समिती नेमायला सांगितलं.

आता त्या रजिस्टरकडे येऊ, कारण सगळं तिथेच अडकलेलं आहे.

आपल्याकडे त्याला प्रोसिडिंग म्हणतात. त्यात "सर्वानुमते मंजूर" असं लिहिलेलं असतं आणि खाली सह्या. बैठक न होता ते पान भरलं गेलं, तर पुढे लेखापरीक्षणात ते पान "समितीने मान्यता दिली" एवढंच बोलतं. खर्च बरोबर असेल तरी तुम्हाला तो ठाऊक नसतो, चुकीचा असेल तर तुमची सही त्याच्यासोबत असते. म्हणून पहिली गोष्ट: रजिस्टर घरी आलं तर प्रेमाने परत पाठवा. "सर, मी शाळेतच येऊन सही करते, बैठक कधी ठेवायची ते सांगा." एवढंच वाक्य. त्यात आरोप नाही, भांडण नाही, पण घरपोच सहीची पद्धत त्या दिवशी थांबते.

आधी केलेल्या सह्यांचं काय, असं तुमच्या मनात असणार. त्या खोडू नका, पानं फाडू नका, वरून काही लिहू नका. त्यासाठी रीतसर जागा आहे. कुठल्याही बैठकीचा पहिला विषय असतो "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे". आपल्याकडे तो विषय क्षणात उरकतात, वाचलं जातच नाही. तुम्ही वाचायला लावा. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू येईल असं. जे ठराव झाले असं लिहिलंय ते सदस्यांना आठवतात का, त्यावर खर्च झालाय का, वस्तू शाळेत आहे का, हे तिथेच विचारा आणि जे बोलणं होईल ते त्या दिवसाच्या इतिवृत्तात लिहून घ्या. "मागील अमुक ठरावांच्या खर्चाचा तपशील पुढील बैठकीत मांडण्याचे ठरले", हे एक वाक्य कागदावर आलं की पुढच्या बैठकीत तपशील मांडणं भाग पडतं. बैठकीची सूचना निदान काही दिवस आधी, विषयांसह, प्रत्येक सदस्याच्या हातात किंवा मोबाइलवर गेली पाहिजे. आणि बैठकीची वेळ आयांना जमेल अशी ठेवा. सकाळी अकराला खुरपणीला गेलेली बाई कशी येणार? मी पाहिलेल्या ज्या समित्या खरोखर चालतात, त्या संध्याकाळी किंवा बाजाराच्या दिवशी बसतात.

पैशाबद्दल बोलताना एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागेल, नाहीतर तुम्ही भल्या माणसाला दुखवून बसाल.

समग्र शिक्षा योजनेतून शाळेला संयुक्त शाळा अनुदान मिळतं. ते पटावर ठरतं. 30 पर्यंत पट असेल तर वर्षाला 10,000 रुपये, 31 ते 100 असेल तर 25,000, 101 ते 250 ला 50,000, त्यापुढे 1,000 पर्यंत 75,000 आणि त्याहून मोठ्या शाळेला 1 लाख, असे योजनेचे दर आहेत. त्यातला किमान दहावा भाग स्वच्छतेवर घालवायचा असतो. खेळाच्या साहित्याला वेगळे पैसे, प्राथमिक शाळेला 5,000 रुपयांपर्यंत. मंजूर तेवढे येतातच असं नाही, हप्त्यांनी येतात, आणि पुष्कळदा आर्थिक वर्ष संपत आल्यावर येतात. 31 मार्चला न खर्चलेली मर्यादा, म्हणजे शाळेला खर्चायला मंजूर झालेली रक्कम, परत जाते. आता विचार करा: शाळा जूनमध्ये उघडते. खडू, फिनेल, छपाई, नळाची दुरुस्ती, विजेचं बिल जूनपासूनच लागतं. मुख्याध्यापक गावातल्या किंवा तालुक्याच्या दुकानातून उधारीवर आणतात, काही वेळा स्वतःच्या पगारातून भरतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पैसे आले की ती उधारी भागवतात, आणि मग पावत्या त्या महिन्याच्या तारखेने गोळा होतात. हिशेब धूसर होतो तो पुष्कळदा इथे. चोरी असतेच असं नाही. पण अशा धूसर हिशेबात चोरी असली तरी ती दिसत नाही, ही त्यातली खरी अडचण. आणि प्रामाणिक मुख्याध्यापकाला स्वतःचा प्रामाणिकपणा दाखवायला काही साधन उरत नाही.

म्हणून माझं या विषयातलं ठाम मत सांगते. समितीने पावत्यांच्या मागे लागण्यात फार शक्ती घालवू नये. पावती खर्च झाल्यावर येते, आणि पावती बरोबर असणं म्हणजे खर्च योग्य असणं असं नाही. समितीची ताकद खर्चाच्या आधी असते. "या वर्षी आपल्या शाळेला अंदाजे किती मिळणार आणि ते कशावर घालवायचं" हा ठराव जूनच्या बैठकीत झाला, तर वर्षभर प्रत्येक उधारी त्या ठरावाशी ताडून पाहता येते. मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार मोडलंय आणि त्याच वर्षी कार्यालयाला पडदे आले, हा प्रश्न पावत्यांतून कळत नाही. तो आधीच्या ठरावातून कळतो. शाळा विकास आराखडा हा याच कामासाठी आहे. तो तीन वर्षांचा असतो, त्यात दरवर्षीचा भाग वेगळा. कलम 22 प्रमाणे सरकारने अनुदानाचं नियोजन या आराखड्याच्या आधारावर करायचं आहे. बहुतेक शाळांत तो जुन्या आराखड्यावरून उतरवून काढलेला असतो. तुमच्या शाळेचा मागून घ्या आणि सदस्यांना वाचून दाखवा. त्यात तुमच्या शाळेची गळकी खोली नसेल तर तो तुमच्या शाळेचा आराखडा म्हणता येणार नाही.

पाहण्याचे कागद फार नाहीत: कॅशबुक, त्यामागची प्रमाणकं (व्हाउचर), बँक खात्याचा उतारा, साठा नोंदवही. पैसे आता पीएफएमएस या सरकारी ऑनलाइन पद्धतीने, शून्य शिल्लक खात्यावर मर्यादा देऊन येतात, त्यामुळे पासबुकात शिल्लक दिसत नाही. "खात्यात काहीच नाही" हे उत्तर खरं असू शकतं आणि तरीही अपुरं असतं. मर्यादा किती आली आणि किती वापरली, असं विचारायचं. साठा नोंदवही घेऊन एकदा वर्गांतून फिरा. कागदावरचे पंखे छताला आहेत का, हे बघायला हिशेबनीस लागत नाही.

गणवेशाचं उदाहरण तुम्हाला जवळचं वाटेल. समग्र शिक्षेतून दोन जोडांसाठी मुलामागे 600 रुपये धरलेले आहेत आणि वर्षानुवर्षं ही खरेदी शाळा समितीच करत होती. 2024-25 ला राज्याने कापड एका ठिकाणाहून घेऊन बचत गटांकडून शिवून द्यायचं ठरवलं. गणवेश उशिरा पोचले, मापं चुकली, अशा तक्रारी राज्यभरातून आल्या. त्यानंतर निर्णय फिरला आणि 2025-26 पासून काम पुन्हा समित्यांकडे आलं. समितीकडे ठेवलेलं काम समितीने नीट केलं, तर ते तिच्याकडे राहण्याला आधार मिळतो. तुमच्या गावात या वेळी कापड कुणाकडून घेतलं, दर कोणी मागवले, तीन दरपत्रकं खरोखर तीन दुकानांची होती का, शिलाई गावातल्याच बायकांना देता आली असती का, हे सगळं तुमच्या बैठकीचे विषय आहेत.

आणखी एक पैसा असतो आणि त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. आपल्या भागात त्याला शैक्षणिक उठाव म्हणतात. मुंबई-पुण्याला असलेले गावकरी टीव्ही देतात, साखर कारखान्यातला कुणी संगणक देतो, माजी विद्यार्थी रंगकामाला पैसे देतात. त्याची नोंद कधी एका वहीत, कधी कुठेच नाही. कायद्यातले "इतर कुठल्याही मार्गाने" हे शब्द यालाच लागू पडतात. पावतीपुस्तक ठेवा आणि वर्षातून एकदा ग्रामसभेत यादी वाचा. आपल्या गावांत यात्रेच्या वर्गणीचा हिशेब देवळात सगळ्यांसमोर वाचला जातो, कुणाचे 51 राहिले हेही वाचलं जातं आणि कुणाला त्यात अपमान वाटत नाही. शाळेच्या पैशालाही तीच रीत लावायची. 26 जानेवारी किंवा 15 ऑगस्टला गाव शाळेत जमतंच. त्या दिवशी आलेली रक्कम, झालेला खर्च आणि शिल्लक एवढ्या तीन ओळी फळ्यावर लिहा.

पोषण आहाराबद्दल थोडक्यात, कारण ते तपासणं सगळ्यांत सोपं आहे आणि आयांना त्यातलं जास्त कळतं. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी. सहावी ते आठवीला 150, 30 आणि 75. हजेरीत पहिली ते पाचवीची 40 मुलं असतील तर 4 किलो तांदूळ आणि 800 ग्रॅम डाळ शिजली पाहिजे. अधूनमधून एखाद्या आईने जेवणाच्या वेळी जायचं, चव घ्यायची, चव नोंदवहीत लिहायचं, हजेरीपट आणि आहाराची नोंदवही शेजारी ठेवून बघायची. दोन्हींतले आकडे जुळले पाहिजेत. धान्य संपलं, स्वयंपाकीण आली नाही असं कारण असलं तरी त्या दिवशीचा मुलांचा हक्क जात नाही. 2015 च्या नियमांत त्याबदल्यात अन्न सुरक्षा भत्ता सांगितला आहे, आणि लागोपाठ तीन शाळा-दिवस किंवा महिन्यात पाच दिवस जेवण मिळालं नाही तर जबाबदारी निश्चित करायची आहे.

"वहिनी, तुम्ही कशाला त्यात पडता" याला काय उत्तर द्यायचं ते आता सांगते. वाद घालू नका. "सर, माझी सही लागते म्हणून विचारते" एवढं पुरे. हे वाक्य मी अनेक अध्यक्षाताईंना शिकवलं आहे आणि त्यावर कुणालाही उलटं बोलता येत नाही. दुसरं, एकट्या जाऊ नका. समितीत निम्म्या बाया आहेत. त्यांतल्या दोघी-तिघींना आधी घरी बोलवा, कलम 21 वाचून दाखवा, कोण काय विचारणार ते ठरवा. तुम्ही एकट्या बोललात तर गाव म्हणेल अमक्याची सून फार शहाणी. चौघी बोलल्या की तो समितीचा प्रश्न होतो. तुमच्या घरच्यांची काळजी मला खोटी वाटत नाही. गावात शाळेच्या राजकारणाला भावकी चिकटते, अध्यक्षपदाला गट चिकटतो. त्याला उपाय हाच की प्रश्न माणसाबद्दल न विचारता कागदाबद्दल विचारायचा, आणि जे बोलायचं ते चावडीवर किंवा मोबाइलच्या ग्रुपवर न बोलता बैठकीत बोलायचं. ग्रुपवर टाकलेला संशय परत घेता येत नाही.

तुमच्या तालुक्यातच औंध आहे. 72 गावांच्या त्या संस्थानाने 1939 मध्ये लोकांच्या हाती कारभार दिला, गावोगाव पंचायती निवडल्या. शाळेचा, पाण्याचा, न्यायाचा विचार गावाने एकत्र बसून करायचा, ही त्या मातीला नवी गोष्ट नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली तीही रयतेच्या धान्यावर आणि पैशावर उभी राहिली. जी शाळा लोकांच्या पैशाने चालते तिचा हिशेब लोकांना कळावा, एवढंच तुम्ही मागता आहात.

इथवर मुख्याध्यापकांबद्दल लिहिलं. पण मला सगळ्यांत जास्त कळकळीने सांगायचं आहे ते यापुढचं. शाळेबद्दलचा सगळा राग मुख्याध्यापकावर निघतो, कारण तो समोर असतो. 25,000 रुपयांच्या कॅशबुकवर गाव तुटून पडतं. आणि दोन शिक्षकांची जागा रिकामी राहते, खोली निर्लेखित (वापरातून बाद) होऊन नवी मिळत नाही, त्याबद्दल कुणी विचारत नाही, कारण ते साताऱ्याला किंवा सांगलीला ठरतं. पाचवीपर्यंतच्या शाळेत 60 पर्यंत मुलं असतील तर दोन शिक्षक, 90 पर्यंत तीन, 120 पर्यंत चार, असं कायद्याच्या अनुसूचीत आहे. प्रत्यक्षात जागा किती मंजूर होतात ते दरवर्षीच्या संचमान्यतेत ठरतं आणि तिचे निकष शासन निर्णयांनी बदलत असतात. 15 मार्च 2024 च्या निर्णयावर शिक्षक संघटनांनी आणि पालकांनी आंदोलनं केली ती याचसाठी. तुमच्या शाळेची संचमान्यता हा एका पानाचा कागद आहे. मागून घ्या. मंजूर पदं, भरलेली पदं, रिक्त पदं, तिन्ही आकडे त्यात आहेत. जावळी-पाटणच्या डोंगरात वीसच्या आतल्या पटाच्या शाळा आहेत, त्यांना तर हा कागद दरवर्षी बघावाच लागतो.

युडायस, म्हणजे शाळांची सरकारी माहितीनोंद, तीही बघा. प्रत्येक शाळेला 11 अंकी क्रमांक असतो, आपल्या जिल्ह्याचा 2731 ने सुरू होतो, सांगलीचा 2735 ने. युडायस प्लसच्या संकेतस्थळावर त्या क्रमांकाने शाळेचं रिपोर्ट कार्ड उघडतं, कुणालाही. त्यात खोल्या, स्वच्छतागृहं, पाणी, वीज, शिक्षक, पट असं सगळं लिहिलेलं असतं. तुमच्या शाळेत पाणी नसताना तिथे "आहे" असं भरलं असेल, तर सरकारच्या लेखी तुमच्या शाळेला पाण्याची गरजच उरत नाही. ही माहिती भरताना समितीला दाखवून भरायची, असा ठराव करून टाका. यात मुख्याध्यापकांचाही फायदा आहे, घाईत चुकलेलं त्यांच्या अंगावर येत नाही.

वरची जबाबदारी कशी सुटत जाते तेही सांगायला हवं. आपल्या आजोबांच्या तोंडी "स्कूल बोर्डाची शाळा" असायचं. 1947 च्या प्राथमिक शिक्षण कायद्यातलं जिल्हा स्कूल बोर्ड जाऊन 1 मे 1962 पासून ते काम जिल्हा परिषदेकडे आलं. तिथे निवडून आलेल्या सदस्यांची शिक्षण विषयाची समिती असते, सर्वसाधारण सभा असते, तिथे गावातल्या शाळेचा प्रश्न निघू शकतो आणि शिक्षणाधिकाऱ्यांना उत्तर द्यावं लागतं. मार्च 2022 मध्ये सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं कारभार प्रशासकाने पाहिला. अधिकाऱ्याने कितीही चांगलं काम केलं तरी सभागृहात उभं राहून विचारणारा माणूस त्या काळात नव्हता. अशा वेळी गावची समिती आणि ग्रामसभा एवढ्याच जागा उरतात. तिथे सह्या घरी येत राहिल्या तर विचारायला कुणीच उरत नाही. महापालिकांचंही तसंच: निवडलेली शिक्षण मंडळं 2013 च्या कायद्याने संपली. सांगली-मिरज-कुपवाडच्या महापालिका शाळेतले पालक हे वाचत असतील तर त्यांनाही कलम 21 जसंच्या तसं लागू आहे, फक्त गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या जागी महापालिकेचे प्रशासन अधिकारी. जत तालुक्यात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. तिथे सूचना आणि इतिवृत्त पालकांना कळेल त्या भाषेत वाचलं जातं का, हा पहिला प्रश्न असला पाहिजे.

आता माहिती अधिकार. दोन-तीन बैठका मागूनही कागद समोर आले नाहीत, तर अध्यक्ष म्हणून मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्या, आणि प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना. पंचायत समितीत पत्र दिलं की दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्यायला विसरू नका. त्यानेही झालं नाही तर एक सोपा मार्ग आहे, तो लोकांना ठाऊकच नसतो. 26 नोव्हेंबर 2018 च्या शासन परिपत्रकाप्रमाणे जिल्हा आणि त्याखालच्या कार्यालयांत, जिल्हा परिषदेसह, दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना अभिलेख पाहता येतात. संचमान्यता, अनुदान वाटपाची यादी, शाळेचे दुरुस्ती प्रस्ताव कुठल्या टेबलावर आहेत, हे पंचायत समितीत बसून पाहता येतं. सोमवार आठवडी बाजाराचा नसेल तर दोघी-तिघी मिळून जा.

त्यापुढे अर्ज. नमुना "अ", वर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही. आपल्या राज्याच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे. "पैसे का खाल्ले", "गणवेश उशिरा का" असं लिहिलेले अर्ज रिकामे परत येतात, कारण कायदा कागद देतो, खुलासा देत नाही. "सन 2024-25 मध्ये शाळेस प्राप्त संयुक्त शाळा अनुदानाच्या कॅशबुकची संबंधित पाने व प्रमाणके यांच्या प्रती" असं लिहा, किंवा "अभिलेखाची पाहणी हवी" असं लिहा, म्हणजे पानाला 2 रुपये भरण्याआधी नेमकं काय हवंय ते कळतं. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी पाच दिवसांत योग्य जागी पाठवणं त्यांच्यावर आहे. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, 20 रुपयांचा स्टॅम्प लावून. अपिलाचा निर्णय 30, फार तर 45 दिवसांत. त्यापुढे 90 दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. तिथे मात्र वाट पाहत थांबावं लागतं, आणि तेवढ्यात मूल शाळा सोडून हायस्कुलात जातं. म्हणूनच मी हे शेवटी ठेवते.

शिक्षकांच्या रजा, पगाराच्या कपाती, आजारपण असं काही मागू नका. वैयक्तिक माहिती न देण्याची सूट 2023 च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्याने आणखी रुंद केली आहे, आणि तसंही तुमच्या मुलाला वर्गात शिक्षक हवाय, त्याची फाइल नकोय. एका शाळेत एका वर्षात पन्नास अर्ज टाकून मुख्याध्यापकांना तालुक्याला पळवत ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्यामुळे खऱ्या पालकाच्या अर्जाकडेही शाळा भीतीने बघते. त्या माणसांना तुमच्या समितीच्या आसपास फिरकू देऊ नका, ते मदत करतो म्हणून आले तरी.

अनुदानित खासगी हायस्कूलबद्दलही पुष्कळजण विचारतात. सरकारच्या पैशावर मोठ्या प्रमाणात चालणाऱ्या संस्था माहिती अधिकारात येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे. पूर्ण विनाअनुदानित शाळेची माहिती थेट मिळत नसेल तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे तिने जे दाखल केलंय ते तिथून मागता येतं.

शिक्षक नाही, जेवण बंद, मुलाला मारहाण, प्रवेश नाकारला, अशा मुलांच्या हक्काच्या तक्रारींना मात्र माहिती अधिकाराची वाट पाहू नका. कलम 32 खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करा. दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, आणि तो पटला नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे जाता येतं. तक्रारीसोबत समितीचा ठराव जोडला तर तिचं वजन वाढतं, आणि तो ठराव खऱ्या बैठकीतला असावा लागतो.

पुढच्या बैठकीसाठी एवढेच विषय मुख्याध्यापकांना लेखी द्या: मागील इतिवृत्ताचं वाचन, या वर्षी आलेली मर्यादा आणि झालेला खर्च, विजेच्या बिलाची थकबाकी, संचमान्यतेची प्रत. थकबाकीचा विषय मुद्दाम घातला आहे. तो मुख्याध्यापकांच्या डोक्यावरचा खरा भार असतो, आणि समितीने तो ग्रामपंचायतीकडे नेला तर पुढचे कागद ते स्वतःच तुमच्यापुढे ठेवतील असं मला वाटतं. बैठक झाली की काय घडलं ते कळवा, पुढचं पत्र कुणाला आणि कसं लिहायचं ते त्यावरून ठरवू.